दोन माइकांच्या मधोमध

नवीन जालना,
९ नोव्हेंबर २०२५

ती. रामप्रसादमामांस,
अर्पिताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा तुम्ही सात वेळा 'काय' म्हणालात. आठव्यांदा मामींनी फोन घेतला आणि माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचवलं. मी ढोलपथकात गेले, असं त्या तुम्हाला ओरडून सांगत होत्या, ते मला इकडे स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणून ठरवलं की फोनचा नाद सोडावा आणि कागद घ्यावा.

तर खरी बातमी अशी की मी ड्रमसेट घेतलाय. जालन्यातली लग्नात वाजवणारी एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद झाली, त्यांचा होता. पायानं वाजवायचा एक मोठा ड्रम, मांडीसमोर एक चपटा, त्याला स्नेअर म्हणतात, त्याच्या पोटाला तारांची जाळी असते म्हणून तो कडकडतो, शिवाय दोन मधले आणि तीन झांजा. आठवडाभर बियाण्यांच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर शंभर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते मोजायचे, इतकं शांत काम आहे माझं. रविवारी मी त्याची कसर भरून काढते.

खालच्या मजल्यावर घरमालक मूलचंदकाका आणि संतोषबाई राहतात. त्यांना भीतभीतच विचारलं. काका म्हणाले की बिलकुल वाजव, पण संतोषबाई सामायिकाला, म्हणजे त्यांच्या जैन ध्यानाला, बसल्या की अठ्ठेचाळीस मिनिटं काड्या खाली ठेवायच्या. मी घड्याळ लावून पाळते. वर काकांनीच गोदामातला जुना बारदाना दिला, तो भिंतींना टांगल्यावर खोलीतला घुमारा बराच बसला. संतोषबाई एकदा जिना चढून बघायला आल्या होत्या. एवढा सगळा पसारा एकटीनंच वाजवायचा का, म्हणजे मदतीला कुणी ठेवलं नाही का, असं त्यांनी फार काळजीनं विचारलं.

आता कामाचं. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीनं, साधनानं, एक गाणं केलंय. तिचा गळा आणि गिटार तिनं रेकॉर्ड करून पाठवलीय, ड्रम मी वाजवून जानेवारीच्या आत पाठवायचे आहेत. लॅपटॉपला जोडायचा एक डबा माझ्याकडे आहे, त्याला चार माइक लागतात. माइक मात्र दोनच. एक पायाच्या ड्रमपुढे लावते, एक स्नेअरला. सगळा सेट वरून एकत्र ऐकायला आणखी दोन हवेत, आणि तेही अगदी सारखे. सारखे माइक म्हटल्यावर मला तुमची काळी पेटीच आठवली.

मामी म्हणतात की ती पेटी तुम्ही तीन वर्षांत उघडली नाही. तुमचं लाउडस्पीकरचं काम का बंद झालं ते मला कुणी धड सांगत नाही. आई म्हणते तुमचे कान गेले. मामी म्हणतात तुमच्यासोबत काम करणारे संघपालमामा सोडून गेले. मी लहान असताना संघपालमामांच्या खांद्यावर बसून कर्ण्याची तार धरलेली आहे, त्यामुळे मला विचारायचा हक्क आहे असं मी धरून चालते. सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी माइक द्या.

मामींना नमस्कार, आणि ढोलपथक नाही हेही त्यांना सांगा. राग आला असेल तर तो पत्रातूनच कळवावा, निदान पत्र तरी येईल.

आपली भाची,
अर्पिता


आष्टी, ता. परतूर
१७ नोव्हेंबर २०२५

चि. अर्पितास,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. ढोलपथक नाही हे कळल्यावर ती थोडी नाराजच झाली, कारण तिनं शेजारी सांगून ठेवलं होतं. फोनचं म्हणशील तर समोर बसलेल्या माणसाचं मला सगळं ऐकू येतं, त्या फोनमधून मात्र सगळी माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. डॉक्टर म्हणाले की वयानं बारीक आवाज जातात. जाऊ देत.

पेटी शेजारच्या रखमाजींबरोबर पाठवतोय, ते गुरुवारी जालन्याला येणार आहेत. आत कापडात गुंडाळलेले दोन जुळे माइक आहेत, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले. सोबत दोन निळ्या केबली. या केबली मी दर खंडेनवमीला उघडायचो, तारा कापून नव्यानं कथलाचा डाग द्यायचो, आणि प्लगच्या टोपणात तारीख घातलेली चिठ्ठी ठेवायचो. त्या दिवशी डाग द्यायचं हत्यार दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही, असा माझ्या उस्तादांचा नियम होता, तो मी पाळला. गेली तीन वर्षं मात्र पेटीला बाहेरूनच हळदकुंकू वाहिलं.

आता नीट वाच. दोन्ही माइक डोक्यावर उंच लाव, एक डावीकडे, एक उजवीकडे. स्नेअरच्या मध्यापासून दोघांचं अंतर सुतळीनं मोज, डोळ्यानं नको. डोळा नेहमी आपल्या सोयीचं सांगतो. अंतर सारखं असलं म्हणजे एक टोला दोघांकडे एकाच वेळी पोचतो आणि आवाज भरून येतो. अंतरात फरक पडला की तोच टोला एकाकडे आधी, दुसऱ्याकडे नंतर, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. हे मी बाजारात समोरासमोर कर्णे बांधताना शिकलो. ड्रमचं मला काही कळत नाही, पण आवाज तोच आहे.

संघपालचं विचारलंस. सांगतो, म्हणजे तुला दहा ठिकाणी विचारावं लागणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या बाजारतळावर एका बियाणे कंपनीचा शेतकरी मेळावा होता. बाजारचाच दिवस, चार-पाचशे माणूस. टेबलावर दोन माइक जोडीनं लावले होते. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि आवाज असा पातळ, की पत्र्याच्या नळीतून यावा. मी सगळी बटणं फिरवली. लोक हसायला लागले. माइक संघपालनं लावले होते. बावीस वर्षं माझ्याबरोबर होता तो. मी त्याला सगळ्यांदेखत स्टेजवरून खाली उतरवलं. तो उतरला आणि तसाच घरी गेला. पुढं अंबडला राहायला गेला. तिथं त्याचं स्वतःचं सामान आहे म्हणतात. मी एकट्यानं दोन लग्नं केली आणि बंद केलं.

गाव म्हणतं रामप्रसादचे कान गेले. मी म्हणतो त्या दिवशी संघपालचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. यातलं एक खरं असणार. मला माझं खरं वाटतं, पण पूर्ण नाही, आणि तेवढ्यामुळं झोप उडते.

माइक काम झाल्यावर पुन्हा कापडात गुंडाळावेत. मामी बाजरीचं पीठ पाठवत आहे, ते पेटीत ठेवू दिलेलं नाही. तुझी आठवण येते, ती येत राहील अशी वागत जा.

तुझा,
रामप्रसादमामा


नवीन जालना,
३० नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

पेटी सुखरूप पोचली. माइक इतके स्वच्छ आहेत की मी आधी हात धुतले. पिठाबद्दल मामींना सांगा की अर्धं संतोषबाईंनी नेलं.

मामा, मी गोंधळलेय आणि मला मजाही येतेय. काय झालं ते क्रमानं सांगते. पहिल्या रविवारी मी आळस केला आणि माइक अंदाजानं टांगले. एक माइक दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर दूर होता. ऐकलं तर आवाज थोडा विचित्र, पण ड्रम होते. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं, लाज वाटली, आणि काकांकडून बारदाना शिवायची सुतळी आणली. स्नेअरच्या मधोमध एक टोक धरायला संतोषबाई बसल्या. त्यांना वाटलं काहीतरी विधी आहे, म्हणून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. एकदम नेमकं माप केलं, बोटभरही फरक नाही.

आणि स्नेअर गेला. खरंच गेला! वरच्या दोन माइकांपैकी एकच ऐकला तर सुरेख, भरीव, जसा माझ्या कानाला बसल्या जागी ऐकू येतो तसा. दुसरा एकटा ऐकला तर तोही तितकाच छान. दोन्ही एकत्र केले की स्नेअर कुणीतरी शेजारच्या घरात वाजवतंय असं वाटतं. कानाला हेडफोन लावून ऐकलं तर आवाज डोक्याच्या मागं कुठंतरी लोंबकळतो, आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर लावलं तर जवळजवळ उरतच नाही. मी मुद्दाम एक माइक हलवून माप बिघडवलं. स्नेअर थोडा परत आला. पुन्हा नेमकं केलं. पुन्हा गेला. म्हणजे तुमचा सल्ला मी जितका बरोबर पाळते तितकं वाईट होतं.

आता हे तुमच्या सुतळीच्या नियमाच्या अगदी उलटं झालं ना? तुम्ही चुकलात असं म्हणायची माझी हिंमत नाही, पण सुतळीही खोटं बोलत नसावी. माइक जुने झालेत का? की बारदान्यामुळं काही होत असेल? प्रयोगशाळेत असं झालं तर आम्ही पुन्हा शंभर दाणे मांडतो. इथं काय मांडू ते कळत नाही. साधनाला अजून काही पाठवलेलं नाही.

तुम्ही मेळाव्याचं लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. संघपालमामांचा चेहरा सारखा डोळ्यांपुढं येतो. त्यावर मी काय बोलणार, लहान आहे.

जल्दी लिहा. उत्तर येईपर्यंत मी चुकीच्या मापानं वाजवत राहीन.

आपली,
अर्पिता


आष्टी,
७ डिसेंबर २०२५

चि. अर्पितास,
आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. ताट सारून वाचलं. मामीनं विचारलं कुणी गेलं का. मी म्हणालो की स्नेअर गेला.

पोरी, एकेकटे चांगले, जोडीनं वाईट, आणि जोडी जितकी नेमकी तितकी वाईट, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. माइक जुना होतो तेव्हा तो एकटासुद्धा वाईटच वाजतो. बारदाना आवाज गिळतो, पण तो दोन्ही माइकांकडचा सारखाच गिळेल. हे वेगळं काहीतरी आहे आणि ते मी आधी ऐकलेलं आहे.

मेळाव्यात पहिले पाहुणे कृषी खात्याचे होते, उंच, सरळ उभे राहून बोलणारे. दोन्ही माइकांच्या अगदी मधोमध. त्यांचा आवाज पोकळ. मध्येच त्यांनी डावीकडच्या बायांकडं मान वळवली की आवाज एकदम भरून यायचा, समोर बघितलं की पुन्हा जायचा. मी त्या वेळी म्हणालो की माणूस घाबरलाय, नीट बोलत नाही. तीन वर्षं मला हे आठवत होतं, पण त्याचा अर्थ लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या सुतळीनं आणलं.

आता मी सांगतो तसं कर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर काय सुधारलं ते कळणार नाही. दोन्ही माइक एकमेकांना चिकटवून बांध. समोर मधोमध बसून एकपासून वीसपर्यंत आकडे म्हण. मग एकाकडं झुकून म्हण. आवाज माझ्या पाहुण्यांसारखा गेला आणि आला, तर माइकांची अदलाबदल कर, केबली तशाच ठेव. तरीही तेच झालं तर तुझी एक केबल घे आणि माझी एक काढून ठेव. मग दुसरी. एका केबलीनं आवाज परत येईल असं मला वाटतं. का ते आत्ता लिहीत नाही, तुझा कान आधीच पढवून ठेवायचा नाही.

मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. हे कुतूहल आहे की भीती, ते ठरवता येत नाही. इतक्या वर्षांनी कुणी आवाजाबद्दल विचारतंय याचा आनंद आहे, तोही लिहून टाकतो.

उत्तर पोस्टात टाकताना टपालपेटीवरची वेळ बघून टाक, म्हणजे एक दिवस वाचेल.

तुझा,
मामा


नवीन जालना,
१४ डिसेंबर २०२५

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

सापडलं! तुम्ही सांगितलं तसंच केलं, एका वेळी एक. माइक सुतळीनं बांधले आणि संतोषबाईंना मधोमध बसवलं, कारण मला ऐकायचं होतं. त्यांनी आकड्यांऐवजी नवकार मंत्र म्हटला. समोर बसून म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, बाजूला झुकल्या की घसघशीत. काकाही वर आले होते. ते तीन वेळा झुकून आणि सरळ होऊन स्वतःचं नाव म्हणत राहिले, त्यांना थांबवावं लागलं.

माइक बदलले, फरक नाही. मग तुमच्या एका केबलीच्या जागी माझी लावली आणि मामा, आवाज असा आला की आम्ही तिघंही दचकलो. दोष एकाच केबलीत होता. ती उघडून बघितली. आत जाळीखेरीज दोन तारा, एक पांढरी, एक पिवळी. एका टोकाला पांढरी प्लगच्या दोन नंबरच्या खिळ्यावर, म्हणजे पिनवर, दुसऱ्या टोकाला तीनवर. म्हणजे त्या माइकाचा आवाज उलटा होऊन येत होता. एकटा असला की कानाला उलटंसुलटं कळत नाही. दुसरा सुलटा माइक सोबत आला की एक पुढं ढकलतो तेव्हाच दुसरा मागं ओढतो, आणि मधोमध काहीच उरत नाही. जितकं अंतर सारखं, तितकं काहीच नाही. तुमची सुतळी बरोबरच होती.

प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रिशियनकडून तारा जागेवर करून घेतल्या. आज सकाळी चारही माइक लावून गाणं वाजवलं. साधनाला पाठवलं, तिनं विचारलं की स्टुडिओ कुठला.

मेळाव्यातही हीच केबल असणार. म्हणजे तुमचे कान चांगले होते, तुम्हाला आवाज पातळ वाटला तो पातळच होता. हे गावात सांगायला हरकत नाही. चूक सगळ्यांकडून होते, आता केबल सुधारली, विषय संपला असं मला वाटतं.

थंडी वाढलीय, मफलर बांधत जा. मामींना नमस्कार. माझ्या आकडे मोजण्यावर नाही, पण माझ्यावर विश्वास असू द्या.

आपली,
अर्पिता


आष्टी,
२० डिसेंबर २०२५

चि. अर्पितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र छान आहे आणि त्यात एक गोष्ट नाही. टोपण उघडल्यावर चिठ्ठी दिसलीच असणार. तिच्यावर काय आहे ते तू लिहिलेलं नाहीस. एरवी तू नवकार मंत्रापर्यंत सगळं लिहितेस.

वर्षात अधूनमधून संघपालही केबली दुरुस्त करायचा, तोही चिठ्ठी ठेवायचा, मीच शिकवलं होतं. चिठ्ठीवर जी तारीख असेल आणि जे अक्षर असेल ते मला जसंच्या तसं लिही. चिठ्ठी पाकिटात घाल. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतंय, पण मी अडुसष्ट वर्षांचा आहे, पोर नाही.

मामा


नवीन जालना,
२५ डिसेंबर २०२५

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

चिठ्ठी सोबत आहे. पाकीट चिकटवायच्या आधी मी ती पुन्हा वाचली, बदलेल असं वाटत होतं. ४/१०/२२, खाली 'रा.' असं आहे. अक्षर तुमचं. मी कॅलेंडर बघितलं, त्या दिवशी खंडेनवमी होती.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लिहिलं नाही, कारण तुम्ही हसत होतात. तुमच्या पत्रांत इतक्या वर्षांनी तुम्ही हसत होतात आणि ते मला बंद करायचं नव्हतं. चुकलं माझं.

पण एक गोष्ट मी खरंच तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, ती तशीच आहे. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मेळाव्यानंतर झालं, मे महिन्यात. आईनं तारीख सांगितली. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की मोतीबिंदू पिकला की पांढरं सगळं पिवळट दिसतं, माणसाला ते कळतही नाही. पांढरी आणि पिवळी तार तुम्हाला एकच दिसली असेल. आणि ऑक्टोबर ते जानेवारी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लग्नात माइक एकच असतो. दोन जोडीनं लावायची वेळ त्या खंडेनवमीनंतर मेळाव्यालाच पहिल्यांदा आली. यात तुमचा दोष कितीसा?

रागावू नका आणि गप्पही बसू नका. गप्प बसलात तर मी पहिल्या एस.टी.नं आष्टीला येईन.

आपली,
अर्पिता


आष्टी,
१८ जानेवारी २०२६

चि. अर्पितास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. गप्प बसलो नव्हतो, काम होतं.

मोतीबिंदूचं तू शोधून काढलंस ते बरोबर आहे. पण तार डोळ्यानं उलटी जोडली, संघपालला तोंडानं बोललो. तोंडाला मोतीबिंदू नव्हता. तुला एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. मी त्याला नुसतं खाली उतरवलं नाही. टेबलावरचा एक माइक हिसकून हातात घेतला आणि तो माइक चालू आहे हे विसरून म्हणालो की बावीस वर्षांत तुला दोन माइक लावता आले नाहीत, तुझ्या हाताला हे काम शोभत नाही, खाली उतर. चारही कर्ण्यांतून ते बाजारभर गेलं. आणि अर्पिता, त्या दिवसभरात तो एकच आवाज स्वच्छ गेला. माइक एकटा तोंडाशी होता ना. आवाज का जातो त्याचं कारण तिथंच माझ्या हातात होतं आणि मी ते बघितलं नाही.

चिठ्ठी घेऊन मी अंबडला गेलो. संघपालचं घर स्टँडच्या मागं आहे. केस पिकलेत त्याचे. बायकोनं चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि चिठ्ठी पुढं ठेवली. त्यानं ती वाचली आणि घडी घालून माझ्याकडं सरकवली. मग म्हणाला की भाऊ, मी तुम्हाला दोनदा म्हनलो व्हतो, एक माइक बंद करून बघू. मला आठवलं. तो म्हणाला होता. माझ्या कानावर पडलं होतं आणि मी बटणं फिरवत राहिलो, कारण सांगणारा तो होता आणि उस्ताद मी होतो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, त्या पाहुण्यांनी म्हटलं असतं, तर मी लगेच बंद केला असता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

मी माफी मागितली. त्यावर तो शांतपणे म्हणाला की तुम्ही बोलले व्हते बाजारात आन् माफी माझ्या घरात मागून राह्यले. तिथं माझा बाप मिरच्या घेऊन बसला व्हता, त्यानं सगळं ऐकलं, माझं सोडा. एवढंच. आवाज चढवला नाही. मला स्टँडपर्यंत सोडायला आला.

त्याचे वडील तातेराव अजून इथंच राहतात आणि बाजाराला मिरच्या घेऊन बसतात. तीन वर्षं ते माझ्यासमोरून मान खाली घालून जायचे. मुलानं चूक केली त्याची लाज वाटत असेल, असं मी समजून चाललो होतो. मला त्यांची कीवही यायची.

मागच्या बाजारच्या दिवशी मी ॲम्प्लिफायर आणि एक कर्णा घेऊन बाजारतळावर गेलो. कर्णा मिरच्यांच्या रांगेजवळच्या खांबाला बांधला, एकट्यानं, मामी खाली उभी राहून शिडी धरत होती. लोकांना वाटलं कसलीतरी जाहिरात आहे. मी माइक घेतला आणि सांगितलं की तीन वर्षांपूर्वी याच जागी मी संघपाल तातेराव यांना जे बोललो ते खोटं होतं. केबल मी उलटी जोडली होती. त्यांनी मला उपाय सांगितला होता, तो मी ऐकला नाही. त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जास्त कसब आहे. मी सगळ्यांसमोर बोललो होतो म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. काही जण हसले, काही जणांनी भाव करणं थांबवलं नाही.

तातेराव उठले. सावकाश माझ्यापर्यंत आले. मला वाटलं हात धरतील किंवा थोबाडीत देतील, दोन्हीची तयारी होती. ते माझ्याकडं बघून म्हणाले की नीट ऐकू आलं न्हाई, आनखी एकदा म्हना.

कर्णा त्यांच्या डोक्यावर होता. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे गावाला माहीत आहे. ते मान वर करून उभे राहिले आणि मी पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा म्हणालो.

मामी बरी आहे. लोभ असू दे, आता तो मी गृहीत धरणार नाही.

तुझा,
रामप्रसादमामा